‘चालत नाही’ एवढं पुरत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला आणि माझा फोन जरा जास्त वाजायला लागला. फोन करणारे बहुतेक उर्दू शाळांतले ओळखीचे शिक्षक. जुना कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाही, चालू मशीन भंगारवाल्याला द्यायला मन धजत नाही, मग कुणीतरी सुचवतं की लिनक्स टाका, फुकट आहे. ते टाकतात. आठ दिवसांत फोन येतो, “आपा, इसमें उर्दू नहीं चलता.” त्याच शाळेतले मराठीचे सर दुसऱ्या दिवशी म्हणतात, “मॅडम, मराठी नीट येत नाही यात.”

मी विचारते, “म्हणजे नक्की काय होतं?”

“अहो, चालत नाही.”

हा लेख या दोन शब्दांबद्दल आहे.

मी कॉम्प्युटर शिकलेली नाही. बी.एड.ला माझ्या दोन अध्यापन पद्धती होत्या, मराठी आणि उर्दू. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, गरज पडली तर उर्दूचे तासही घेते. घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या बाजूला आमचं घर आहे. घरातल्या डेस्कटॉपवर नऊ वर्षांपूर्वी भाच्यानं लिनक्स टाकून दिलं, तेव्हापासून तेच वापरते. कामं साधीच आहेत. प्रश्नपत्रिका, शब्दार्थांचे तक्ते, मुलांच्या याद्या. फक्त त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पानावर डावीकडून उजवीकडे जाणारी देवनागरी आणि उजवीकडून डावीकडे येणारी उर्दू शेजारी शेजारी बसलेली असते. मशीनला घाम फोडायला असं एक पान पुरतं.

या नऊ वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. ‘उर्दू चालत नाही’ किंवा ‘मराठी चालत नाही’ या एका वाक्याखाली निदान तीन वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. तिघांचं औषध वेगळं आणि डॉक्टरही वेगळा. माझ्याच टेबलावर आलेली तीन उदाहरणं सांगते.

पहिलं दुखणं दिशेचं. एका प्रश्नपत्रिकेत सूचना उर्दूत होत्या, प्रश्नाचा क्रमांक आणि गुण मराठीत. टाईप करताना क्रम बरोबर: आधी ‘१.’, मग उर्दू वाक्य, शेवटी ‘(५ गुण)’. पानावर मात्र क्रमांक डाव्या टोकाला आणि गुण उजव्या टोकाला. उर्दू वाचणारं मूल उजवीकडून सुरुवात करतं. म्हणजे त्याला आधी गुण दिसणार, मग प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी क्रमांक. शेजारच्या शिक्षिकेनं पाहून लगेच निकाल दिला, “देखा, लिनक्स में उर्दू उलटी होती है.”

पण इथे मशीन नियमानंच वागत होतं. दोन दिशांच्या लिप्या एका ओळीत आल्या तर कुणी कुठे बसायचं याचे नियम युनिकोडनं ठरवलेले आहेत. प्रत्येक अक्षराला स्वतःची दिशा असते. कंस आणि बऱ्याचशा चिन्हांना ती नसते, ती शेजाऱ्यांच्या दिशेनं जातात. आणि या सगळ्यांच्या वर असते परिच्छेदाची दिशा. तो परिच्छेद डावीकडून उजवीकडे असा ठरलेला होता, त्यामुळे मशीननं आज्ञा पाळली. वरच्या पट्टीतलं उजवीकडून डावीकडे हे बटण दाबलं, सगळं जागेवर आलं. हा बग नव्हता, सेटिंग होती. याची तक्रार जगात कुठेही केली तरी उत्तर एकच आलं असतं: सगळं ठीक आहे.

दुसरं दुखणं जास्त गंभीर, कारण त्यात एका मुलीची शिष्यवृत्ती अडकली होती. दोन तुकड्यांच्या याद्या एकत्र केलेल्या होत्या. एक यादी कॉम्प्युटरवर केलेली, दुसरी कुणीतरी मोबाईलवर. फॉर्म तपासणाऱ्यानं मुलीच्या वडिलांचं नाव टाईप करून शोधलं. मशीन म्हणालं, सापडत नाही. ‘यादीत नाव नाही’ असा शेरा बसला. मुलीची आई छापील यादी घेऊन आली. तिला लिहितावाचता जेमतेम येतं, पण नवऱ्याचं नाव ती ओळखते. बोट ठेवून म्हणाली, “ये क्या है फिर?”

नाव होतंच. वडिलांचं खरं नाव इथे देत नाही, ‘करीम’ धरून चालू. काफ, रे, ये, मीम. आपल्या डोळ्यांना काफ म्हणजे काफ. पण युनिकोडमध्ये अरबीच्या काफचा क्रमांक १६०३ आहे आणि उर्दू-फारसीच्या काफचा १७०५. अरबीच्या ‘ये’चा १६१०, उर्दूच्या छोट्या ‘ये’चा १७४०. शब्दाच्या शेवटी ही अक्षरं आली तर फरक दिसतो. सुरुवातीला आणि मध्ये आली की बहुतेक फॉन्टमध्ये ती जुळ्या भावांसारखी दिसतात. मोबाईलवर उर्दूच्या जागी अरबी कीबोर्ड चालू होता. त्यामुळे कागदावर एकच करीम, पण मशीनच्या हिशोबात दोन वेगळी माणसं.

हे फक्त उर्दूचं दुखणं आहे असं मराठी वाचकांनी समजू नये. ‘ॲडमिशन’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक ‘अ’ टाईप करून त्यावर चंद्र देत, आणि आजही अनेक कीबोर्डवर तसंच देतात. दिसायला दोन्ही सारखे. पण एका पद्धतीनं लिहिलेला ‘ॲडमिशन’ दुसऱ्या पद्धतीनं शोधला तर सापडेलच असं नाही. शाळेच्या फायलीत कागद असतो, शोधणारा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

यावर उपाय झाला. अक्षर निवडलं की त्याचा क्रमांक सांगणारी छोटी साधनं लिनक्सवर असतात. त्यातून दोन करीम उघडे पडले. यादीतली सगळी अरबी काफ आणि ये एका झटक्यात उर्दूची करून घेतली आणि मुलीचा अर्ज मुदतीत गेला. हाही काटेकोरपणे पाहिलं तर प्रोग्रामचा बग नाही. प्रोग्रामनं दोन वेगळ्या क्रमांकांना वेगळं म्हटलं, एवढंच. शोधताना अशी जुळी अक्षरं एक धरावीत अशी सुधारणा मागता येते. ती मागणी असते, दोष नव्हे. मागणी आणि दोष यांचे रकानेही वेगळे असतात.

तिसरं दुखणं खऱ्या बगचं. आठवीच्या घटक चाचणीत एक प्रश्न होता: अर्थातला फरक सांगा, दर्या आणि दऱ्या. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी हा प्रश्न मला फार आवडतो. फारसीतून आलेला ‘दरिया’ त्यांच्या घरात नदी असतो. तोच शब्द मराठीत दर्या झाला की समुद्र होतो. आणि रफाराच्या जागी ती आडवी, पापणीसारखी रेघ आली की दऱ्या, म्हणजे सह्याद्रीतल्या दऱ्याखोऱ्या. एका रेघेत नदी, समुद्र आणि डोंगर.

एका अपडेटनंतर पाहते तर ‘दऱ्या’मधली ती रेघच गायब. तिच्या जागी खाली टिंब असलेला र, त्याला मोडका पाय, आणि पुढे सुटा ‘या’. आणि हे फक्त या एका शब्दाचं नव्हतं. दुसऱ्या, येणाऱ्या, पायऱ्या, नवऱ्याला. हे जोडाक्षर नाही असं मराठीचं पान सापडणं कठीण.

इथून शोध सुरू झाला. भाच्याला फोन केला. तो डिप्लोमा करतोय. त्यानं एकच मंत्र दिला, “खाला, एक टाइम पे एकच चीज बदलो.” बिघाड शोधण्याचं अर्धं शास्त्र या वाक्यात आहे. आपण घाबरून एकदम चार गोष्टी करतो. फॉन्ट बदलतो, भाषा बदलतो, मशीन बंद करून चालू करतो, कुणीतरी सांगितलेली आज्ञा टर्मिनलमध्ये टाकतो. मग बरं झालं तरी कशानं झालं ते कळत नाही, आणि बिघडलं तरी कशानं बिघडलं तेही कळत नाही.

म्हणून क्रमानं गेले. आधी, टाईप बरोबर आहे का? तेच वाक्य उचलून ब्राउझरमध्ये टाकलं, रेघ नीट उमटली. म्हणजे टाईप बरोबर. मग, दोष लिहिण्याच्या प्रोग्रामचा की फॉन्टचा? प्रोग्राम तोच ठेवला, फॉन्ट बदलला, शब्द नीट झाला. म्हणजे संशय फॉन्टवर. मग त्याच फॉन्टमध्ये ठळक अक्षरं काढून साधी केली. साधी बरोबर, फक्त ठळक बिघडलेली! इथे दोषाचं घर सापडलं. तरी दोन गोष्टी राहिल्या. मेनूत जे नाव दिसतं तोच फॉन्ट मशीन खरोखर वापरतं आहे का, हे ‘एफसी-मॅच’ या आज्ञेनं तपासता येतं. हवा तो फॉन्ट नसेल तर लिनक्स गुपचूप दुसरा उचलतं. आणि दुसरं, माझ्याच खात्यातल्या कुठल्या सेटिंगमुळे हे होत नाही ना, म्हणून मशीनवर एक कोरं नवं खातं उघडून पाहिलं. तिथेही तेच. मग खात्री पटली.

प्रश्नपत्रिका त्या रात्री दुसऱ्या फॉन्टमध्ये गेली आणि सकाळी झेरॉक्सही झाली. बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि त्यात गैर काही नाही. आपलं काम झालं. पण दोष तिथेच राहिला. उद्या तो फॉन्ट घेऊन मराठी लिहिणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी पानावर तो पुन्हा उमटणार. लिनक्स ज्या तऱ्हेनं तयार होतं त्यात हे सांगायचं काम वापरणाऱ्याचंच असतं. तिथे ना दुकानदार, ना सर्व्हिस सेंटर. दोषांच्या नोंदवह्या मात्र असतात, आणि त्या सगळ्यांसाठी खुल्या असतात.

पण नोंद करायची कुठे? आमच्या भागातल्या पाण्याचं उदाहरण देते. नळाला गढूळ पाणी आलं तर दोष इमारतीच्या टाकीचा असेल, गल्लीतल्या पाइपाचा असेल किंवा थेट भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राचा. टाकी आपल्या सोसायटीची असेल तर भांडुपला पत्र लिहून काय उपयोग? लिनक्सचंही तसंच. आपण घेतलेलं लिनक्स हे अनेकांनी केलेल्या तुकड्यांची एक बांधलेली मोळी असते. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही मोळी बांधणाऱ्यांची नावं. फॉन्ट करणारे वेगळे, लिहिण्याचा प्रोग्राम करणारे वेगळे, कीबोर्ड पाहणारे वेगळे. मोळी बांधणाऱ्यांकडे नोंद केली तरी चालतं, पण उगम माहीत असेल तर तिथेच जावं. मला ठळक अक्षरापर्यंत पोचता आलं होतं, म्हणून मी फॉन्टवाल्यांकडे गेले.

आता लिहायचं कसं? सायमन टॅथम नावाच्या ब्रिटिश प्रोग्रामरनं १९९९ मध्ये बग कसा कळवावा यावर एक निबंध लिहिला. त्याचा गाभा इतकाच की समोरच्याला तो बिघाड त्याच्या मशीनवर घडवून पाहता आला पाहिजे. आपल्याकडे याला शोभणारा शब्द आधीपासून आहे: पंचनामा. पंचनाम्यात ‘चोर शेजारचाच असणार’ असं लिहीत नाहीत. दार कुठल्या बाजूनं उघडं होतं, कडी तुटलेली होती की काढलेली, कपाटात काय होतं आणि काय नाही, हे लिहितात. बगचं तसंच. काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, या तीन गोष्टी. सोबत लिनक्स कुठलं, फॉन्टची आवृत्ती कुठली, आणि एक स्क्रीनशॉट.

मी इंग्रजीत सहा ओळी लिहिल्या. माझं इंग्रजी शाळेपुरतं आहे, पण पायऱ्या सांगायला अलंकार लागत नाहीत. जोडायला एक नवी फाइल केली, तिच्यात फक्त पाच मराठी शब्द. हे मी आवर्जून सांगते, कारण लोक पटकन आपली खरी फाइल जोडतात. या नोंदवह्या साऱ्या जगाला दिसतात. प्रश्नपत्रिका, मुलांची नावं, आधार क्रमांक, पालकांचे फोन यातलं काहीही तिथे जाता कामा नये.

चार दिवसांनी उत्तर आलं. लिहिणाऱ्याला देवनागरी वाचता येत नव्हती. त्यानं विचारलं, यात फक्त दिसण्याचा फरक आहे की अर्थ बदलतो?

तेवढ्यात मला कळलं की हे उत्तर त्याच्याकडे कधीच असू शकत नाही. तो हुशार असेल, फॉन्टची रेघ न् रेघ त्याला पाठ असेल, पण दर्या आणि दऱ्या यांत समुद्र आणि डोंगर एवढं अंतर आहे हे त्याला कोण सांगणार? मी आमच्या व्याकरणाच्या तासाची जुनी जोडी पाठवली. ‘आचार्याला बोलाव’ म्हटलं तर गुरुजी येतात, ‘आचाऱ्याला बोलाव’ म्हटलं तर स्वयंपाकी. युनिकोडच्या तक्त्यात ‘र’ २३५२ क्रमांकावर आणि ‘ऱ’ २३५३ वर, तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या नोंदीवर दोष मान्य असल्याची खूण लागली.

त्याच वेळी एकानं जुनी नोंद शोधून काढली. दीड वर्षापूर्वी कुणीतरी हाच दोष कळवलेला होता. ओळ एकच, मराठी मजकूर बिघडतो आहे. त्याला विचारणा झाली होती: कुठला शब्द, कुठली आवृत्ती? उत्तर आलं नाही, आणि काही महिन्यांनी माहिती अपुरी म्हणून ती नोंद बंद झाली. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्यानं निदान दार वाजवलं. पण ‘चालत नाही’ या वाक्याचं शेवटी काय होतं ते मी तिथे पाहिलं.

फॉन्ट पाच आठवड्यांत दुरुस्त झाला. माझ्या मशीनपर्यंत ती दुरुस्ती पोचायला आणखी सात महिने लागले, कारण मोळी बांधणारे आपल्या वेळापत्रकानं नवी आवृत्ती घेतात. उगमाला पाणी स्वच्छ झालं तरी आपल्या नळाला यायला वेळ लागतो, हे ज्यांना माहीत नसतं ते मधल्या काळात वैतागून लिनक्सच काढून टाकतात.

या शोधात मला एक नाव भेटलं. ते उर्दूवाल्यांना आणि मराठीवाल्यांना सारखंच आवडावं. टाईप केलेल्या अक्षरांची जोडाक्षरं करणं, मात्रा आणि वेलांट्या जागेवर बसवणं, हे काम लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ‘हार्फबझ’ नावाचा प्रोग्राम करतो. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस यांतही तोच आहे. बेहदाद इस्फाहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरनं तो घडवला. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. ओपनटाइप या फॉन्टच्या पद्धतीचा तो फारसी तर्जुमा. उर्दू कानाला मात्र त्यात पतंगबाजसारखा अक्षरांशी खेळणारा ऐकू येतो. मराठीतही आपण ‘हरफ’ म्हणतोच. नस्तालिकची उतरती ओळ आणि मराठीची पापणीसारखी रेघ एकाच हर्फबाजाच्या हातून लिहिली जाते, हे कळल्यावर मला आमच्या स्टाफरूममधली दोन टेबलं आठवली. एक उर्दूवाल्यांचं, एक मराठीवाल्यांचं, आणि दोघांचीही तक्रार एकच.

हे काम आपल्यापासून दूर कुठेतरी परदेशातच होतं असंही नाही. विंडोज २००० बरोबर घराघरांत गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी केला. पवईच्या आयआयटीत शिकवलेला, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत फॉन्टवर काम केलेला हा मुंबईचा सुलेखनकार २००८ साली गेला. त्यांचा ‘रघु’ हा खुला फॉन्ट लिनक्सवर भारतीय भाषा आणण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत कामी आला. घाटकोपरहून अंधेरीकडे मेट्रो जाते त्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना हे घडत होतं. ‘लोहित’ या खुल्या फॉन्टच्या मागे पुण्यातली माणसं होती. केरळात सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात, आणि तिथे मल्याळम फॉन्ट आणि कीबोर्ड सांभाळणारी स्वयंसेवकांची मोठी फळीही आहे. करणारे हात कमी असतील, पण आहेत. त्यांना कळवणारे त्याहून कमी आहेत.

मे २०१५ मध्ये एक संदेश जगभर गाजला होता. त्यात इंग्रजी शब्दांबरोबर अरबी अक्षरं, देवनागरीचं एक क्वचित दिसणारं चिन्ह आणि एक चिनी अक्षर होतं. तो आला की आयफोन बंद पडे. जगभर बातम्या झाल्या आणि ३० जूनला आलेल्या ८.४ आवृत्तीत तो दोष दुरुस्त झाला. मला तेव्हा गंमत वाटली होती की अरबी आणि देवनागरी एका ओळीत बसली की एवढा मोठा फोन झोपतो! आज वेगळं वाटतं. आमच्या शाळेत त्या दोन लिप्या रोज एका ओळीत बसतात. बिघडतं तेव्हा बातमी होत नाही. तिथे बोलायचं तर आपणच.

मग आपण बोलत का नाही? फोन करणाऱ्यांना मी विचारते. इंग्रजी येत नाही, म्हणतात. आपलं कोण ऐकणार, म्हणतात. एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, “बेटा, मुफ्त की चीज की क्या शिकायत?” हे शेवटचं मला पटतं आणि पटतही नाही. फुकट दिलेल्या वस्तूची कुरकुर करू नये हे खरं. पण शिकायत आणि गवाही यात फरक आहे. शिकायत करणारा स्वतःसाठी बोलतो. गवाही देणारा जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगतो, आणि ते इतरांच्या कामी येतं. ज्याला ती लिपी वाचता येते तोच तिचा साक्षीदार होऊ शकतो. नस्तालिकमध्ये नुक्ता चुकीच्या अक्षरावर पडला हे लंडनमधल्या माणसाला दिसणार नाही.

आणि ही सवय कॉम्प्युटरपुरती राहत नाही. आपल्या वस्तीत कागदांवरची नावं हा रोजचा झगडा आहे. रेशन कार्डावर शेख, आधारवर शैख, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काही. आई खिडकीपाशी जाते आणि म्हणते, “काम नहीं हो रहा.” आतला माणूस म्हणतो, “उद्या या.” तीच आई कागदावर बोट ठेवून म्हणाली की या दाखल्यावर हे अक्षर आहे, या कार्डावर ते नाही, दोन्हींच्या तारखा या, आणि मला हे असं करून हवं आहे, तर तिला टाळणं अवघड जातं. त्या मुलीच्या आईनं नेमकं तेच केलं होतं. तिनं यादीतल्या नावावर बोट ठेवलं. तिला युनिकोड माहीत नव्हतं, पण पंचनामा तिचाच होता. मी पुढचं काम केलं.

आता नववीच्या मराठीच्या तासाला तक्रार अर्ज आला की मी आधी नमुना फळ्यावर लिहीत नाही. वर्गातला पंखा दाखवते आणि म्हणते, याच्याबद्दल तीन वाक्यं लिहा. काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच वाक्य असतं, ‘पंखा चालत नाही’. मी विचारते, बटण कितीवर होतं? आवाज येतो का? बाजूचा पंखा फिरतो का? कधीपासून? आठवडाभरात वाक्यं बदलायला लागतात. गेल्या महिन्यात एका मुलानं लिहिलं, ‘तिसरा पंखा पाच नंबरवर फिरतो, तीनवर फिरत नाही, गुरगुरतो. सोमवारपासून.’ त्याच्या मराठीत दोन चुका होत्या, त्या लाल पेनानं दाखवल्या. पण वायरमन आला तेव्हा मी त्याला त्या मुलाची वहीच वाचायला दिली. त्यानं शिडी लावायच्या आधी बटणाचा डबा उघडला.